चार नंबरच्या मशीनवरचा आवाज

"भाऊ, हे डुप्लिकेट हाय," राजू म्हणाला आणि हेडफोन काढून त्यानं माझ्या काउंटरवर ठेवले.

गेम सुरू करून दहा मिनिटंही झाली नव्हती. माझ्यासमोर, अधिकृत ऑनलाइन दुकानातून, त्याच्याच मोबाइलवरून पैसे भरून घेतलेला गेम. पावती ई-मेलवर आलेली. या धंद्यात माझे केस पांढरे झाले. नकली वस्तूला अस्सल म्हणणारं गिऱ्हाईक रोज भेटतं, पण अस्सल वस्तूला नकली म्हणणारं मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं.

वाशिमला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्ती, सीसीटीव्ही, प्रिंटरची शाई, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, जे येईल ते. वीसेक वर्षांपूर्वी याच गाळ्यात माझा सायबर कॅफे होता. आठ मशीन, आठ प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक पंखा. राजू त्या काळचं गिऱ्हाईक. आता त्याचं शेलूबाजारला कृषी सेवा केंद्र आहे. पोट सुटलंय, चष्मा लागलाय, पण माझ्या दुकानाची पायरी चढताना तो अजून दोन पायऱ्या एकदम चढतो.

सोयाबीनची पेरणी आटोपली होती. खत-बियाण्यांची गर्दी ओसरली की कृषी केंद्रवाला दुपारी मोबाइल बघत बसतो. तसाच बसलेला असताना राजूला जाहिरात दिसली. जुन्या सात शूटर गेमचं कलेक्शन, अगदी उतरत्या भावात. सातांतला तिसरा आमच्या कॅफेतला होता. तो तडक लॅपटॉप काखेत मारून वाशिमला आला.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शूटर गेममध्ये पडद्यावर फक्त हात आणि बंदूक दिसते, कारण आत फिरणारा माणूस म्हणजे आपणच. आणि कलेक्शन म्हणजे जुने झालेले गेम एका गठ्ठ्यात बांधून स्वस्तात काढणं. हंगाम सरला की कापडवाले कटपीसचा ढीग लावतात, तसंच. सात गेम मिळून घरच्यांना एकदा बाहेर जेवू घालण्याइतकाही खर्च नव्हता. राजूला खर्चाची काळजी नव्हतीच. त्याला काळजी डब्याची होती. सीडीचा डबा येणार नाही, नुसतं डाउनलोड होणार, हे त्याच्या गळी उतरवायला मला एक चहा खर्ची घालावा लागला. मग ई-मेलचा पासवर्ड आठवेना. तो त्याच्या बायकोला पाठ होता. तिनं फोनवर सांगितला, आणि कायले पाहिजे हेही विचारलं. राजू म्हणाला, खताच्या कंपनीचं काम आहे.

तर असं सगळं रीतसर करून उतरवलेला गेम डुप्लिकेट कसा, म्हणून मी विचारलं.

"आपल्या गेममंदी चालाचा आवाज कुठं होता?" राजू म्हणाला. "याच्यात सारखं टकटक टकटक. वारा सुटून राह्यला, दारं कुरकुरून राह्यली. आपल्यात निस्ता गोळीचा आवाज होता. मले काय आठवत नाई काय?"

मला हसू आलं. त्याचं बरोबरच होतं. आमच्या कॅफेत तो गेम मुका होता, आणि त्याला मुका मीच केला होता.

माझ्या आठपैकी सात मशीन नागपूरहून आणलेल्या सेकंडहँड. त्यांच्या हार्डडिस्क, म्हणजे माल साठवायच्या कोठ्या, इतक्या लहान की विंडोज बसवली की अर्धी कोठी भरायची. गेम मात्र अख्खी सीडीभर. तेव्हा सगळे कॅफेवाले एक युक्ती करायचे. गेममधले गोष्ट सांगणारे व्हिडिओ काढून टाकायचे, संगीत काढायचं, नको ते आवाज काढायचे, आणि उरलेला सांगाडा मशीनवर टाकायचा. त्याला रिप म्हणत. मी स्वतः बसून ती छाटणी केली होती. बंदुकीचे आवाज ठेवले. पावलांचे, वाऱ्याचे, दारांचे आवाज कचऱ्यात टाकले. मूळ सीडी कुठून आली होती ते विचारू नका. आज मी लोकांना अस्सल सॉफ्टवेअर घ्या म्हणून सांगतो, तेव्हा आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करतो.

हे सगळं मी राजूला रंगवून सांगत होतो. एका पिढीला मी मुका गेम खेळवला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही, म्हणून टाळी मागितली. राजूनं टाळी दिली नाही. तो हेडफोनकडे बघत होता.

"म्हणजे असली गेममंदी चालणारा माणूस ऐकू येते?"

"येतो."

"भिंतीच्या पल्याड असला तरी?"

"तरीही. त्यासाठीच आवाज दिलेला असतो."

"भाऊ," तो म्हणाला, "नईम तेच म्हणत होता."

टाळीसाठी पुढे केलेला हात मी मागं घेतला.

नईम मंगरुळपीरचा. राजू आणि तो दोघं वाशिमला आयटीआयला होते. भाड्याची खोली एक, सायकल एक, आणि माझ्याकडे बसायचे तेही शेजारी शेजारी. राजूच्या घरून आलेला ठेचा नईम खायचा आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी राजू आयटीआय बुडवून मंगरुळपीरला असायचा. माझा कॅफे इंटरनेटसाठी होता, पण तेव्हाचं इंटरनेट म्हणजे एक फोटो उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. म्हणून मी आठही मशीन आपसात वायरीनं जोडल्या होत्या. त्याला लॅन म्हणतात. एका मशीनवरचा पोरगा दुसऱ्या मशीनवरच्या पोराला गेममध्ये गोळी घालू शकतो, एवढाच त्याचा उपयोग. कॅफे त्यावरच चालला.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी स्पर्धा ठेवली. दारात काळा फळा लावला, रोज जिंकणाऱ्यांची नावं खडूनं लिहायचो. शेवटचा सामना राजू आणि नईममध्ये. राजू सात नंबरच्या मशीनवर, नईम चारवर. गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. राजू कुठूनही येवो, कोपऱ्यावरून वळायच्या आधीच नईमची बंदूक तिकडे रोखलेली असायची. एकदा, दोनदा, दहादा. सामना पंधरा मिनिटांत संपला. मग मागून कोणीतरी म्हणालं, याच्या मशीनमध्ये चीट आहे.

चीट म्हणजे फसवणुकीचं छोटं सॉफ्टवेअर. ते टाकलं की भिंतीपलीकडचा माणूस पडद्यावर दिसतो. मी नईमला विचारलं, तुला कसं कळत होतं तो कुठून येतोय? त्यानं कानातला इअरफोन काढून सरळ सांगितलं, "आवाज येते ना भाऊ. याच्या पायाचा."

आवाज तर मीच काढले होते. माझ्यापेक्षा कोणाला माहीत असणार? बाकीच्या पोरांना विचारलं, कोणाला येतो का आवाज? सगळ्यांनी माना हलवल्या. राजूला विचारलं, तुझा मित्र आहे, तू बोल. राजू खाली बघत राहिला. मी सगळ्यांसमोर म्हणालो की खेळात हरलेला चालतो, पण लबाड चालत नाही. फळ्यावरचं नईमचं नाव ओल्या फडक्यानं पुसलं. बक्षिसाचा माऊस राजूच्या हातात दिला. नईमनं आपला इअरफोन गुंडाळून खिशात टाकला आणि पायऱ्या उतरून गेला. त्यानंतर तो माझ्या दुकानात आला नाही आणि राजूच्या खोलीवरही राहिला नाही.

जुन्या वह्या मी फेकत नाही. त्यावरून घरात माझा उद्धार होतो. कॅफेच्या वहीत प्रत्येक मशीनचं एक पान होतं, तिच्यावर काय टाकलं, कधी काय बिघडलं. राजूला बसवून मी माळ्यावर चढलो आणि ती वही काढली. एक, दोन, तीन नंबरच्या पानांवर लिहिलं होतं, 'गेम, छाटलेला.' पाचपासून आठपर्यंत तेच. चार नंबरच्या पानावर लिहिलं होतं, 'गेम, पूर्ण.'

मग सगळं आठवलं. चार नंबर ही एकच मशीन नवी घेतलेली, तिची डिस्क मोठी. सीडीवरून गेम आधी तिच्यावर उतरवला, तिच्यावरून नक्कल करून मग दुसरीकडे छाटणी केली. चारवरचा काढायचा राहून गेला. त्या मशीनचा स्पीकर फुटका होता, म्हणून तिथे बसणाऱ्यांना काहीच ऐकू येत नसे. पण नईम विजेच्या कामातला. मोडक्या वॉकमनचे तुटके इअरफोन सांधून तो स्वतः घेऊन यायचा. म्हणूनच तो नेहमी चार नंबर मागायचा. आवाज चांगला आहे म्हणायचा. मला ते उलट संशयाचं वाटलं होतं.

त्याच पानावर खाली माझ्याच अक्षरात आणखी एक ओळ होती. 'फॉर्मॅट केली. चीट होतं.' फॉर्मॅट म्हणजे डिस्क पुसून कोरी करणं. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी न तपासता ती मशीन पुसली होती. गुन्हा न केलेल्या माणसाचा एकुलता एक पुरावा मी स्वतःच्या हातानं पुसला आणि वर वहीत शेरा मारला. ते वाचताना मला माझीच लाज वाटली. आजही हे लिहिताना वाटते.

राजूनं वही हातात घेऊन ते पान वाचलं. मग म्हणाला की गेली वीस वर्षं कास्तकारांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो दुरुस्तीला अकोल्याला पाठवतो. मंगरुळपीर त्याच्या गावापासून हाकेवर. तिथे चांगला रिवाइंडिंगवाला आहे, हे त्याला माहीत आहे. तो रिवाइंडिंगवाला नईम आहे, म्हणून अकोला.

मी म्हणालो, चल. त्यानं आढेवेढे घेतले. तोंड कोणतं दाखवू म्हणाला. मी म्हणालो, माझ्या मागं उभा राहा, माझं तोंड जास्त काळं आहे.

नईमच्या दुकानात व्हार्निशचा वास भरला होता. मोटार जळली की आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळावी लागते, त्याला रिवाइंडिंग म्हणतात. वेढे मोजून घालायचे असतात. एक चुकला तर मोटार पुन्हा जळते. आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा नईम हँडल फिरवत ओठांत वेढे मोजत होता. त्यानं आम्हाला पाहिलं. ओळखलंही. पण मोजणं थांबवलं नाही, नुसतं हनुवटीनं बाकाकडे दाखवलं. दाढीत पांढरे केस आले होते. आम्ही दोघं शाळेत उशिरा आल्यासारखे बाकावर बसलो. वेढे पुरे झाल्यावर त्यानं तार तोडली, हात पुसले, आणि मग म्हणाला, "बोला भाऊ."

बोलायचं मी वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरलो. लॅपटॉप उघडून गेम चालू केला आणि हेडफोन त्याच्या हातात दिले. त्यानं ते कानाला लावले. पाचेक सेकंद गेले असतील. त्याची मान आपोआप डावीकडे वळली.

"इकडून येऊन राह्यला कोणी," तो म्हणाला. आणि मग, "हाच. हाच आवाज होता."

मी वही उघडून चार नंबरचं पान त्याच्यापुढे ठेवलं. सगळं सांगितलं. चूक माझी होती, आणि चुकीपेक्षा मोठी माझी मस्ती होती की मला सगळं माहीत आहे, हेही सांगितलं. त्यानं पान वाचलं. 'चीट होतं' या शब्दांवर त्याचं काळं पडलेलं बोट थांबलं. तो माझ्यावर चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. तो राजूला म्हणाला, "तू काहून गप्प राह्यला?"

राजू म्हणाला, "मले वाटलं, भाऊले मशीनचं समजते."

"भाऊले मशीनचं समजत असन. तुले त माहं समजत होतं ना."

राजूनं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसला. चष्मा स्वच्छच होता. शेजारच्या दुकानातून चहा आला.

चहा संपल्यावर नईमनं मला विचारलं की राजूच्या मशीनवर पावलांचा आवाज होता का. मी म्हणालो, नव्हता. त्यानं थोडा विचार केला. मग म्हणाला, "म्हणजे मी ऐकून राह्यलो होतो अन् हा बहिरा खेळून राह्यला होता. मंग ते जितनं खरं नाई भाऊ. लबाडी नाई, पण बरोबरीचंही नाई."

वीस वर्षं लबाडीचा डाग वागवलेला माणूस, डाग धुतला गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत समोरच्याची बाजू मांडत होता. मी त्याच्या जागी असतो तर आधी माझी चांगली खरडपट्टी काढली असती.

त्यानं मग दोन गोष्टी मागितल्या. सामना पुन्हा व्हावा, त्याच गाळ्यात, दोन्ही मशीनवर पूर्ण गेम घालून. आणि मी जे आता सांगितलं ते तिथे सांगावं. "तुमी चारचौघात बोलले होते," तो म्हणाला. "आता तिघातच सांगून राह्यले."

पुढच्या शुक्रवारी त्याचं दुकान बंद होतं. नमाजनंतर यायचं ठरलं. मी जुन्या पोरांना फोन केले. पोरं कसली, एक शिक्षक, एक बँकेत, एकाची अनसिंगला तेलाची घाणी. सहा जण जमले. त्यातल्या एकानं बसल्या बसल्या कबूल केलं की चीट आहे असं मागून ओरडणारा तोच होता. मी काउंटरपाशी उभा राहून वहीतलं पान वाचून दाखवलं, दोन्ही ओळी. फॉर्म भरायला आलेली एक बाई रांगेत होती, तीही ऐकत राहिली.

राजूनं नईमसाठीही ते कलेक्शन घेतलं होतं, त्याच्या नावानं, त्याच्या ई-मेलवर. मी दोन मशीन मांडल्या, दोन्हीकडे सारखे हेडफोन ठेवले, दोन्ही हेडफोन आधी स्वतःच्या कानाला लावून तपासले. कोण कुठे बसणार त्याच्या चिठ्ठ्या काढल्या. तीच जुनी जागा, फक्त खुर्च्या बऱ्या होत्या आणि दोघांनाही त्यांत बसायला जास्त जागा लागत होती. सामना सुरू झाला आणि सहाही जण खेळणाऱ्यांच्या पाठीशी असे वाकले की मला आमचा जुना पंखा आठवला. तो काय गरम हवा फेकायचा! पण त्या हवेत मी सुखी होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

नईम दहा, राजू तीन.

राजूनं हेडफोन काढले. "आता त मलेही ऐकू येऊन राह्यलं होतं," तो म्हणाला. "तरी कसं काय?"

"तू पयतं," नईम म्हणाला. "तवाही पयतच होता. पयणारा माणूस दुरून ऐकू येते. मी हळू चालतो."

राजूचं पळणं सगळ्यांनाच ठाऊक, त्यावर सगळे हसले. राजू सगळ्यांत जास्त हसला, आणि हसता हसता त्यानं पिशवीतून एक खोका काढला. बक्षिसाचा माऊस. वीस वर्षांत त्यानं तो उघडला नव्हता. पोटात रबरी गोळी फिरणारा, गोल पिनेचा जुना माऊस. आज तो कुठल्याच मशीनला लागत नाही. नईमनं तो दोन्ही हातांनी घेतला. आता तो त्याच्या दुकानात तार गुंडाळायच्या मशीनच्या वर खिळ्याला टांगलाय. शेलूबाजारच्या जळालेल्या मोटारी हल्ली त्याच्याखालीच येऊन पडतात.

फळाही माझ्याकडे होताच. त्याच्या मागच्या बाजूवर मी पासपोर्ट फोटोचे दर लिहिले होते. तो उलटा केला, पुसला, आणि खडूनं लिहिलं, 'विजेता : नईम.' दर आता कागदावर छापून दाराला चिकटवलेत. फळा आत लावलाय. फॉर्म भरायला येणारे विचारतात, हा नईम कोण? वेळ असला तर सांगतो.

धंद्याची म्हणून एक सवय त्यानंतर लागली. गिऱ्हाईक म्हणतं, मशीनमधून आवाज येतो. पूर्वी मी बसल्या जागेवरून सांगायचो, शक्यच नाही. आता उठतो आणि आधी मशीनला कान लावतो.